खारीचा वाटा, खारीची वाट

मराठीने खारीला जो मान दिला आहे तो एका वाक्प्रचारापुरता आहे. सेतुबंधनाच्या वेळी अंगाला चिकटलेली वाळू समुद्रात झटकणारी खार आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटे ही कथा वाल्मीकिरामायणात नाही. ती लोकपरंपरेतली आहे. तमिळमध्ये तोंडरडिप्पोडी आळ्वारांच्या 'तिरुमालै'मध्येही सेतूसाठी राबणाऱ्या खारी येतात. आपण मात्र ती सगळी कथा 'खारीचा वाटा' या दोन शब्दांत आवळली आणि आभारप्रदर्शनाच्या भाषणांना देऊन टाकली. या वाक्प्रचारात खार फक्त देते. ती घेते काय, किती आणि कुणाचे, याविषयी भाषा गप्प आहे.

अंगणात पेरूचे झाड असणाऱ्यांना असे गप्प बसणे जमत नाही. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; मंचरला आमचे लहानसे घर आहे, आणि त्याभोवती पेरू, चिकू, डाळिंब अशी झाडे. आमच्याकडे येते ती पाच पट्ट्यांची खार. (बोटे तीन फिरली तर उरलेले दोन पट्टे कुणाचे, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने वर्गात विचारला होता. त्याचे उत्तर अभ्यासक्रमात नाही.) ती एक पेरू पूर्ण खाईल तर शपथ, पाच पेरू थोडे थोडे कुरतडते. घरट्यासाठी गादीतला कापूस आणि पायपुसण्याचा काथ्या ओढून नेते. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवणे तिला भागच असते. पण ते आमच्या विजेच्या तारांवर झिजवावेत, हे आम्हांला मान्य नव्हते.

शेजाऱ्यांनी उपाय सुचवले: तिखटाची पूड, डांबराच्या गोळ्या, जुन्या सीडींच्या माळा, प्लास्टिकचे घुबड. पूड पहिल्या सरीबरोबर वाहून जाते आणि घुबड हलत नाही हे खारीला आठवड्याभरात कळते. उपयोगी पडतात ते उपाय नीरस आहेत. छपराकडे झुकलेल्या फांद्या दोन-अडीच मीटर मागे छाटाव्यात. एकट्या उभ्या झाडाच्या खोडाला माणसाच्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळावा. झाड वाढते म्हणून तो सैल ठेवावा. आत पिल्ले नाहीत याची खात्री करून वळचणीची भोके जाळीने बुजवावीत, फळांना कापडी पिशव्या बांधाव्यात आणि तारा नळीत घ्याव्यात. पिंजऱ्यात पकडून दूर सोडून येण्याचा उपाय दयाळू वाटतो, पण मागे घरट्यात पिल्ले असतील तर ती उपाशी मरतात. विषाची तर चर्चाही नको.

या साऱ्याचे सूत्र एकच आहे: खारीची वाट तोडा. हे सूत्र आम्हांला पूर्ण पटले होते, आणि अजूनही पटते. पण आमच्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला ते उलटे होते.

घोडेगाव सोडून, डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने वर चढत गेले की आहुपे येते. पलीकडे सह्याद्रीचा कडा सरळ कोकणात कोसळतो. खोपिवलीला उतरणारी जुनी पायवाट याच कड्यावरून जाते. गाव महादेव कोळी समाजाचे, आणि गावाला भैरवनाथाची देवराई. हा मुलूख १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात येतो. इथली खार म्हणजे शेकरू. तांबूस तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपटी. आज तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. कर्नल साइक्सने १८३१ मध्ये इथल्या शेकराची शास्त्रीय नोंद करताना त्याला मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. आहुप्याच्या झाडावर त्याला त्या नावाने कुणी हाक मारल्याचे ऐकिवात नाही.

शेकरू क्वचितच जमिनीवर उतरतो. तो फांदीवरून फांदीवर जातो, सहा मीटरपर्यंत झेप घेतो, आणि एका हंगामात एकाहून अधिक घरटी बांधतो. मधले एक झाड गेले की त्याच्यासाठी पूल पडल्यासारखे होते. अंगणात जी फांदी आम्ही शहाणपणाने छाटतो, तशीच फांदी इथे त्याचा रस्ता आहे.

एप्रिलअखेरीस आम्ही गेलो तेव्हा अंगणाअंगणांत बाळहिरडा वाळत पडला होता. पावसाळ्यापूर्वी हाती रोख पैसा देणारे पीक हेच. वाळवणावरून कोंबड्या हाकणाऱ्या एका आजींना आम्ही विचारले, "आजी, शेकरू आंब्याला त्रास देतो का? त्याला हाकलता कसे?"

"हाकलायचं काय? त्यो वरून जातो, आपण खालून."

आम्हां मराठीच्या अध्यापकांना असे वाक्य मिळाले की लगेच त्यात तत्त्वज्ञान दिसू लागते. आजींनी ती संधी फार वेळ दिली नाही. घरामागच्या आंब्यावर शेकरू येतो, निम्मा माल नासतो, म्हणून आपण कैऱ्याच लवकर उतरवून लोणच्याला लावतो, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. पिकलेला आंबा त्याचा, कच्चा आपला, अशी ही वाटणी. प्रेमाची नव्हे, हिशेबाची.

मग त्या २०२०च्या जूनबद्दल बोलल्या. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातील हिरड्याची मोठी हानी केली. आजींची चार झाडे आडवी झाली; त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीची. "आता लावलं तर नातवाला मिळंल," त्या म्हणाल्या. त्यातले एक झाड देवराईच्या आणि पलीकडच्या रानाच्या मधोमध उभे होते. तेव्हापासून शेकरू त्यांच्या आंब्याकडे कमी येतो. हे सांगताना त्यांच्या आवाजात सुटकेचा सूर आम्हांला ऐकू आला नाही. त्या खळ्याच्या कडेला लावलेली हिरड्याची दोन रोपे दाखवायला उठल्या. एकाला काट्यांचे कुंपण होते, बकऱ्यांसाठी.

पडलेल्या झाडाचा पंचनामा होऊ शकतो, उत्पन्नाचा आकडा मांडता येतो. वरच्या वाटेला मात्र कोणत्याही अर्जात रकाना नाही. अभयारण्याच्या नियमांवर आजींचे आक्षेप पुष्कळ आहेत, जळणापासून घराच्या दुरुस्तीपर्यंत, आणि ते आम्हांला खरे वाटतात. शेकरू वाचवायचा तो ज्यांच्या झाडांवर, त्यांनाच झाडाविषयी सर्वांत शेवटी विचारले जाते, ही आमची तक्रार त्यांच्या तक्रारीत मिळवून ठेवतो.

मंचरच्या घरी आम्ही चिकूची छपरावर आलेली फांदी यंदा काढलीच. तारा नळीत घेतल्या. पेरूच्या खालच्या फळांना पिशव्या बांधल्या आहेत. शेंड्याला हात पोचत नाही. तिथली फळे तशीच आहेत.