हातची अक्षरं

सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी आज नाही. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशात गीतेवरची टीका सांगितली आणि बाबांनी ती लिहून घेतली. ज्याला टेकून ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब जागेवर आहे. खांबावर त्याहून जुना संस्कृत लेख आहे, देवाच्या दिव्याला दिलेल्या तेलाच्या दानाचा. पोथी नकलांमधून पुढे गेली आणि हातागणिक बदलली. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये नकला ताडून ती शुद्ध केली.

मोडी लिपी शाळेतून 1950च्या सुमारास गेली. तोवर छापायला बाळबोध आणि हाताला मोडी अशी वाटणी होती. कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत. सावकाराचं खत मोडीत. शाळेत मोडी गिरवलेली शेवटची मुलं आता ऐंशी ओलांडून गेली आहेत.

लिहिण्याची रीतही गेली. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, मग त्यांच्याखाली अक्षरं. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ एकाच खुणेत.

बोरू गेला. बोरू तासायचा चाकू, काजळ-डिंकाची शाई, ओलं पान सुकवायची बारीक वाळू, हे त्याच्या मागोमाग. मग टाक आणि दौत गेली. शाईपेन बराच काळ टिकलं. ड्रॉपर, टीपकागद, मधल्या बोटाच्या पेराला पडलेला घट्टा, सदऱ्याच्या खिशावरचा निळा डाग. बॉलपेन अजून आहे. बँकेत ते दोरीनं बांधलेलं असतं.

शुद्धलेखनाची वही कमी झाली. रोज एक पान, खाली मास्तरांची लाल सही. वळण चांगलं असलेल्या मुलाला फळ्यावर सुविचार लिहायला मिळे. तो मुलगा कोण, हे सगळ्या शाळेला ठाऊक असे.

पत्रं गेली. वर मधोमध श्री. वडिलांना तीर्थरूप आणि शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्यांना चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद. मधल्या मजकुराला फारशी जागा उरत नसे. शेवटची ओळ समासात आडवी चढे. मरणाच्या पत्रावर श्री नसे. पोस्टमननं कार्ड हातात दिलं की नजर आधी तिथे जाई. तार जुलै 2013 मध्ये बंद झाली.

तलाठ्याच्या हातचा सातबारा गेला. त्याचं अक्षर लागत नाही ही तक्रार गावोगाव होती, ती मिटली. आता उतारा संगणकातून निघतो आणि सगळ्या गावांचं अक्षर एक आहे.

लिहिता न येणाऱ्याची निशाणी गेली. जुन्या कागदांवर शेतकऱ्यानं सहीच्या जागी नांगर काढलेला आढळतो. चार-सहा रेघांचा, पण फाळ ओळखू येतो. पुढे नांगराच्या जागी डाव्या हाताचा अंगठा आला. रेशनच्या दुकानात आता शिकलेले आणि न शिकलेले सगळेच यंत्रावर अंगठा ठेवतात. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र पुन्हा ठेवा म्हणतं.

2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. काम मराठवाड्यापासून सुरू झालं आणि पुढे राज्यभर पसरलं. तहसिलींतले दप्तरांचे रुमाल सुटले. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या निघाल्या, कोतवाल बुकं निघाली. बऱ्याच जुन्या नोंदी मोडीत होत्या. कचेऱ्यांना मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. लोकांनी घरच्या पेट्याही उघडल्या.

नेवाशातल्या एका घरात अशा पेटीतून एक घडी घातलेला कागद निघाला. घरातल्या कुणालाच तो वाचता आला नाही. कुणाच्या हातचा, तेही सांगता आलं नाही.

त्या घरातली मुलगी पहिलीत आहे, मुलगा तिच्याहून लहान. मुलीला शाळेतून कर्सिव्हची चाररेघी वही मिळाली आहे. तिच्या आईनं इंग्रजी अक्षरं पाचवीत गिरवली होती. तेव्हा कर्सिव्हला रनिंग लिपी म्हणत. शाळा सुटल्यावर, नोकरीत आणि संसारात, तिचं लिहिणं सहीपुरतं उरलं. किराण्याची यादी फोनवर. दुधाचा हिशेब फोनवर. मुलीला दाखवायला तिनं पेन्सिल धरली आणि पहिल्या ओळीत हात कापरा झाला. पान भरत आलं तसा लहान एफ चारही रेघांमधून एका दमात उतरू लागला, वर फास, खाली फास.

मोडीचे वर्ग आता मोबाइलवरही भरतात. पेटीतला कागद लागावा म्हणून, मुलं निजल्यावर, तिनं त्याच वहीच्या मागच्या पानांवर मोडी मुळाक्षरं काढली. मधल्या रेघा आड येत होत्या. सकाळी मुलीनं पान पाहून अक्षर कुठल्या रेघेवर उभं राहतं ते विचारलं. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मोडी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. मुलीनं वही उलटी धरून पाहिली. मग आपलं नाव काढून मागितलं आणि ते बोटानं गिरवलं.

मोडी 2014 पासून युनिकोडमध्ये आहे. फोनवर ती टंकता येते, तेव्हा प्रत्येक अक्षर दर वेळी तेच येतं. पेटीतल्या कागदावर तसं नाही. लिहिणाऱ्याला घाई असावी. तिसऱ्या ओळीपासून अक्षरं एकमेकांत शिरली आहेत, रेघही खाली कलली आहे.

कागद जमिनीचा आहे. गावाचं नाव लागलं, विहिरीतला हिस्सा लागला. एका भावानं दुसऱ्याला पाणी घेऊ द्यायचं कबूल केलं आहे. खाली एक सही आणि एक नांगर आहे. सही कुणाची आणि नांगर कुणाचा, ते ज्या ओळीत असायचं ती ओळ नेमकी घडीवर आहे, आणि तिथला कागद गेला आहे.