कोकराचे जंत आणि मूठभर ढेप

पालक आणि विश्वस्त मंडळी, आम्ही पैनगंगेच्या अलीकडची, मेंढ्यांवर घर चालवणारी माणसे. आमच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि बसच्या पासाचा पैसा मेंढरे विकूनच येतो. म्हणून शाळेच्या अंकात जंतांचा विषय पाहून कोणी हसू नये.

पाऊस लागला की कोकरे झिजू लागतात. औषध पाजले तरी महिन्याभरात पुन्हा तेच: हिरड्या पांढऱ्या, जबड्याखाली पाणी उतरलेले. हे बहुधा हिमॉन्कस जंताचे काम. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ५०० जंत असले तर किती, आणि १२ किलोच्या कोकराच्या अंगात लिटरभरही रक्त नसते, तेव्हा ते किती दिवस तग धरेल? हे गणित मुलांनी करून पाहावे. जंतांची अंडी लेंडीतून पडतात, ओलीत अळ्या होतात आणि त्या ओल्या गवतावर चढतात. म्हणून दव सुकल्याशिवाय कोकरे सोडू नयेत.

जंताशी झुंजण्याची ताकद कोकराला हळूहळू, काही महिन्यांनी येते, आणि तिला प्रथिने लागतात. गेलेले रक्तही त्यातूनच भरून येते. नुसत्या कडब्यावर हे होत नाही. तुरीचे कुटार, शेवरीचा पाला आपल्याकडे असतोच. दूध सुटलेल्या कोकराला मूठभर सरकी ढेप द्यावी. दूध पिणाऱ्याला मात्र नको, सरकीतला विषारी अंश त्याला बाधतो. सुबाभूळही बेतानेच, नाहीतर लोकर गळते. घरात ढेपेवरून कुरकुर होतेच, "बैलाला पुरंना, अन् कोकराला कुठली?" पण व्यायच्या आधी आणि पाजत असताना मेंढीचीही ताकद उतरते, तिच्या लेंडीतून अंडी वाढतात आणि त्याच रानात कोकरू चरते. तेव्हा पहिली मूठ तिची.

रक्ताचाही भाग आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढ्यांचा सुंदरबनातल्या गरोळ जातीशी संकर करून पाहिला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संकरित कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी आढळली, मात्र ती वाढीला मागे होती. फुकट काहीच मिळत नाही!

सरसकट सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजले की जंत औषधाला दाद देईनासे होतात. दक्षिण आफ्रिकेत डोळ्याची खालची पापणी उलटून पाहतात, फिकट असेल त्यालाच पाजतात. आमच्या पोरांना हे एका दुपारी जमले.

विश्वस्तांना एकच विनंती: शाळेच्या मागच्या कुंपणालगत शेवरी लावू द्यावी. बी आम्ही आणू, उन्हाळ्यात पाणीही आम्हीच घालू.