शेवटची चाल

तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगून ठेवलं आहे. रमीला मात्र कौशल्याचं सर्टिफिकेट मिळालं. न्यायमूर्तींविषयी मला आदर आहे. पण दिवाळीच्या रात्री ते आमच्या सिडकोतल्या घरी पत्ते पिसायला बसले असते, तर निकाल जरा मवाळ झाला असता.

कारण सगळी गंमत पिसणाऱ्याच्या जागेत आहे. ज्याने पत्ते वाटले त्याची चाल सगळ्यांच्या शेवटी. रुपयाचा बूट टाकून झाला, आधीच्या चौघांनी निमूटपणे एकेक रुपया सरकवला, चाल कुणीच वाढवली नाही, की समजावं, सगळ्यांचे हात रिकामे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० तऱ्हांनी येतात आणि त्यातल्या १६,४४० तऱ्हांत साधी जोडीसुद्धा नसते. (हिशेब कॉमर्सवाल्याचा आहे, टॅली झालेला आहे.) अशा वेळी शेवटच्याने गंभीर चेहरा करून चाल दुप्पट करावी. सगळे पॅक! मधले नऊ रुपये आपले.

धोका एकच. एखादा भिडू तीन एक्के घेऊन मांजरासारखा गप्प बसलेला असतो. आमची आई त्यातली.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि तेराव्यानंतर आम्हा भावंडांची अशीच बैठक बसली. आई कुणाकडे राहणार? दादांच्या घराला तीन जिने. मधल्याच्या मुलाची बारावी. ताईचं सासर. प्रत्येकाने आपापली अडचण निमूटपणे सरकवली. मी धाकटा, म्हणून शेवटी. माझ्या हातात तरी काय होतं? दोन खोल्या आणि कर्जाचे हप्ते. जन्मभर मी शेवटी बोलत आलो, ते आधीच्यांचे पत्ते कळावेत म्हणून. त्या दिवशी ते कळले आणि अंगाला घाम फुटला. कारण मीही पॅक म्हटलं, तर पुढे कुणी उरतच नव्हतं.

सौ.कडे पाहिलं. ती म्हणाली, "बघता काय? सांगा ना!"

"आई आमच्याकडे," मी म्हणालो. आवाज तीन राजे हातात असल्यासारखा काढला.

आई आतून आली ती पिशवी घेऊनच. लुगडी, पोथी, औषधाचा डबा, सगळं सकाळीच भरलेलं!

"अगं, मी नाही म्हणालो असतो तर?"

"तू शेवटी बोलणार आणि हो म्हणणार, हे मला ठाऊक होतं. पिसताना तुझा चेहरा बघतेय ना इतकी वर्षं."

दिवाळीत मी अजूनही शेवटची चाल दुप्पट करतो. बाकीचे पॅक होतात. आई चष्मा पुसते आणि म्हणते, "शो."