उन्हाळा काढन का?

अमरावतीत माझ्या दुकानात पाटी करायला आलेला माणूस भाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "भाऊ, उन्हाळा काढन का हे?" दवाखान्याची वेळ, गिरणीचा दर, ऑटोमागचं पोरीचं नाव, अशी हातभर लांबीची कामं. त्यांच्यासाठी स्वस्तातली मशीन कोणती घ्यावी, असं नवी पोरं विचारतात तेव्हा मी याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

माझी पहिली मशीन म्हणजे टाकीचा साधा ए-फोर प्रिंटर. व्हिनाइलचा कागद घालायचा, छापायचं, चिकटवायचं. पाट्या दुकानात देखण्या दिसायच्या. त्यातली एक अकोल्याच्या किराणा दुकानात, पश्चिमेच्या भिंतीवर लागली. मे महिन्यात तिथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मृगाच्या आतच लाल अक्षरं फिकट गुलाबी झाली. मी पैसे परत केले, आणि ते फार लागलं मला. दोष शाईच्या जातीचा होता. डाय शाईत रंग विरघळलेला असतो, ऊन त्याला मोडून काढतं. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात, ते जास्त तग धरतात. तरी वरून लॅमिनेशन हवंच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शाईच्या मशीनला रोज काम लागतं. आपल्याकडे गणपतीत, निवडणुकीत झोपायला वेळ नसतो आणि मग पंधरा-पंधरा दिवस शुकशुकाट. वैशाखातल्या कोरड्या हवेत छपाईच्या हेडची बारीक छिद्रं सुकून बुजतात. ती धुवायलाही शाईच जाते. म्हणून किंमत विचारण्याआधी मशीन वर्षात किती दिवस बसून राहणार, ते मोजावं.

हे मोजूनच मी दोन फुटी कटिंग प्लॉटर घेतला. त्यात शाई नाही, फक्त पातं. रंगीत व्हिनाइल आरपार रंगीत असतं, वरचा थर उडण्याची भीती नाही. लोक या सगळ्यालाच रेडियम म्हणतात, खऱ्या रेडियमचा त्यात कणही नसतो. फोटो किंवा रंगांच्या छटा हव्या असतील तर ते काम मी इको-सॉल्व्हंट मशीनवाल्याकडून छापून आणतो.

देवनागरी मात्र प्लॉटरची परीक्षा घेते. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी, शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली. तसंच कापायला दिलं की पातं प्रत्येक जोडावर चिरत जातं. कोरल सॉफ्टवेअरमध्ये सगळा शब्द आधी वेल्ड, म्हणजे एकसंध करावा लागतो. मग नको असलेलं व्हिनाइल सोलताना अनुस्वार सांभाळायचे, ते फार लवकर निसटतात. राज्याच्या दुकान कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण घाईत केलेल्या पाट्यांवर चिरलेल्या शिरोरेषा दिसल्या की जीव कळवळतो.

किराणावाल्याची पाटी मी नव्याने, कापीव अक्षरांत करून दिली. अकोल्याला गेलो की वाट वाकडी करून बघून येतो. लाल अजून लालच आहे. मागच्या खेपेला 'किराणा'च्या शेवटच्या कान्याची कड उन्हानं आक्रसून उचलली होती. अंगठ्यानं दाबून बसवली, आणि घडीभर तशीच धरून उभा राहिलो.