यादीतल्या दोन जागा

भूशास्त्राच्या मंडळींची भेट ठरवायची म्हणजे निम्मं काम कागदाचं. परवानगीचं पत्र, नावांची यादी, आधारच्या झेरॉक्स, गाडी, जेवण. कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीत वीस जणांना न्यायचं होतं आणि हे सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं. यादीत मी कोयनाकाठचे दोन शेतकरीही घातले. त्यातले एक आमचे चाचा. "त्यांना तिथं काय कळणार?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. घराची भिंत कोसळली तेव्हा चाचा दहा वर्षांचे होते. धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के वाढले, हे त्यांच्या घराने सोसलेलं. गोठणे इथं ३ किलोमीटर खोल भोक घेतलं ते याच कोड्यासाठी: धरणाचं पाणी खालच्या भेगांना कसं हलवतं?

प्रयोगशाळेत पेट्यांमधून खडकाचे लांब दंडगोल मांडलेले. आधी काळा बेसाल्ट, मग किलोमीटरभराच्याही खाली एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. चाचांनी त्यावर हात ठेवला. "साहेब, पुढचा कधी?"

"ते आज कुणालाच सांगता येत नाही, चाचा. म्हणून तर खाली उतरलोय."

परतताना चाचा म्हणाले, "इतक्या वर्षांत एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं."

धक्का बसला की व्हॉट्सअॅपवर पुढच्या भूकंपाच्या तारखा फिरतात आणि लोक रात्र अंगणात काढतात. निदान दोन घरांत आता त्या तारखांना कुणी भुलणार नाही. अशी भेट ठरवाल, तेव्हा ती जमीन ज्यांच्या पायाखाली आहे, त्यांच्यासाठी दोन जागा ठेवा.