पुलाखालचं गाव

छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नास किलोमीटर. पैठणला जाणारा माणूस बहुधा तीन कारणांनी जातो. कुणी नाथमहाराजांच्या समाधीचं दर्शन घ्यायला, कुणी जायकवाडीचं धरण बघायला, तर कुणाच्या घरी लग्न निघालेलं असतं म्हणून पैठणी घ्यायला. गेल्या फाल्गुनात मी गेलो तो चौथ्याच कामासाठी. कालव्याकाठच्या एका शिवारात गव्हाच्या प्लॉटची पाहणी होती. पाहणी तासाभरात उरकली, मुक्काम मात्र तीन दिवस पडला. त्याला कारण झालं पुलाखालचं एक गाव.

हे गाव सात-बाराच्या उताऱ्यावर सापडायचं नाही. पण त्या दिवशी तिथे चाळीसएक घरं नांदती होती आणि घराघरात पोरंबाळं होती. गाव भिंगऱ्यांचं.

ज्या शेतकऱ्याच्या प्लॉटवर मी गेलो होतो त्यांची वस्ती कालव्याला लागूनच आहे. आबा सत्तरीचे. त्यांच्या अंगणात बाज टाकून बसलं की समोर पन्नास पावलांवर कालव्याचा लहानसा पूल दिसतो. पुलाच्या पोटाला, जिथे कमान आणि भिंत मिळते, तिथे मातीच्या सुरया आडव्या चिकटवून ठेवाव्यात तशी घरटी. एकाला एक लागून, जणू मोहोळच. प्रत्येक सुरईला पुढे काढलेला नळीसारखा गळा, आणि त्या गळ्यातून डोकावणारी दोन-दोन, तीन-तीन तोंडं.

आपल्याकडे भिंगरीलाही पाकोळी म्हणतात आणि खऱ्या पाकोळीलाही पाकोळीच म्हणतात. पण दोघींत फरक आहे. जुन्या वाड्यांत आणि वेशींच्या कमानींखाली पिसं नि काड्या थुंकीने चिकटवून घर करते ती पाकोळी. तिला तारेवर बसता येत नाही. तिच्या पायांची चारही बोटं पुढे वळलेली, ती भिंतीला फक्त लटकू शकते. भिंगरी मात्र तारेवर ओळीने बसते आणि चिखलाचं घर बांधते. पुलाखालची ही भिंगरी चिमणीहून लहान. डोक्यावर विटकरी टोपी, पाठ निळसर काळी आणि गळ्यावर बारीक काळ्या रेघोट्या. शेपटीला नावापुरतीच खाच. ही एकटीदुकटी राहत नाही, वस्ती करूनच राहते. आणि वस्तीसाठी तिला लागतं काय? डोक्यावर छप्पर, पायाखाली पाणी आणि जवळ ओला गाळ.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. डावा कालवा २०८ किलोमीटर, जालना-परभणीकडे गेलेला. उजवा १३२ किलोमीटर, बीडकडे. त्या पाण्यावर माणसांनी ऊस, गहू, कापूस काय काय केलं ते आपण जाणतोच. पाणपक्ष्यांनी नाथसागर आपलासा केला, आणि १९८६ मध्ये तो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. भिंगऱ्यांनी कालवा आणि त्यावरचे पूल घेतले. त्यांच्या वाटणीची नोंद कुणी केली नाही, एवढंच.

आबा म्हणाले, "साहेब, ह्यांचंबी आवर्तनावरच हाये. पाणी सुटलं, काठ भिजला, की चिखल उचलायला येतात. २०१६ साली कालवा कोरडा ठाक होता, तवा एक बी आली नव्हती. पूल आन् मी, दोघंच एकमेकाकडं बघत बसलो."

मला ते वाक्य लागलं. त्या वर्षी या शिवारात बियाणं आणि सल्ला घेऊन हिंडणाऱ्यांत मी होतो. सल्ला कोरड्या जमिनीत रुजत नाही, हे मी त्या साली शिकलो.

पहिले दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ बाजेवर बसून नुसतं बघितलं. आबांचा नातू सातवीत आहे. तो पाटीवर रेघा मारून एका घरट्यावर किती फेऱ्या होतात ते मोजत होता. पाव तासात कधी पाच, कधी सात. नर-मादी दोघंही राबतात. गव्हावरून, पाण्यावरून, गुरांच्या गोठ्यावरून उडता उडता हवेतच किडे टिपायचे आणि आणून घालायचे. एक येते, एक जाते. चाळीस घरांची ही ये-जा, म्हणजे बाजाराच्या दिवशीची वेसच.

आता मी शेतीखात्यातला माणूस. भिंगरी कीड खाते म्हटल्यावर तिचं गुणगान करायला हात शिवशिवतात. पण खोटं बोलू नये. कपाशीच्या बोंडअळीचा पतंग रात्रीचा उडतो, भिंगरी दिवसाची. अळी बोंडात बसलेली, भिंगरी आकाशात. तेव्हा भिंगऱ्या आल्या म्हणून कामगंध सापळे काढून ठेवू नका. माश्या, चिलटं, उडत्या मुंग्या, लहान भुंगेरे हा तिचा माल. तो ती दिवसभर टिपते आणि आपल्याकडे त्याचं बिल मागत नाही.

अमेरिकेतही या बाबतीत अशीच एक गंमत झाली. तिथे पर्पल मार्टिन नावाची जांभळट काळी, मोठी भिंगरी आहे. गोरे लोक तिथे जाण्याच्या आधीपासून चोक्तॉ आणि चिकासॉ हे तिथले मूळ रहिवासी पोखरलेले भोपळे खांबाला टांगून तिला घर देत असत. आपण दुधी वाळवून तुंबा करतो, तसेच. पुढे घरोघरी परसात तिच्यासाठी खणाखणांची लाकडी घरं उभी राहिली. आज त्या देशाच्या पूर्व भागात ही भिंगरी जवळजवळ सगळी माणसाने दिलेल्या घरांतच वाढते आणि हिवाळ्याला दक्षिण अमेरिकेत जाते. मध्यंतरी तिथे गाजावाजा झाला की ही भिंगरी दिवसाला दोन हजार डास खाते. अभ्यासकांनी तिचं खाणं तपासलं तर त्यात डास नावालाच निघाले. पण म्हणून लोकांनी भोपळे उतरवले नाहीत. कारण तोपर्यंत त्यांना ती परसात असण्याची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला, पुलाखालची चाल बदलली. पुढच्या ओळीतल्या चार-पाच घरट्यांवर फेऱ्या कमी झाल्या. आई-बाप चोचीत घास घेऊन यायचे, दारासमोर पंख फडफडवत थांबायचे आणि घास न देताच वळून जायचे. आत पिल्लांचा कालवा. नातू कळवळला, "आजोबा, ही उपाशी ठेवतेय त्यांना!"

उपाशी नव्हे, ते बोलावणं असतं. भिंगरीची पिल्लं तीनेक आठवडे घरात असतात. खाऊन खाऊन एका वेळी ती आई-बापांहूनही जड होतात. मग शेवटच्या दिवसांत वजन उतरतं, पंख पुरे भरतात आणि ती दारात येऊन बसतात. पिसं सावरतात, एक पंख ताणतात, मग दुसरा. उडणं त्यांना कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. फक्त दार सोडायचं धैर्य लागतं, आणि समोर घास दिसला की ते येतं. मुलगी सासरी निघताना उंबऱ्यावर घुटमळते तसं एकेक पिल्लू त्या मातीच्या गळ्यात घुटमळत होतं.

तिसरा दिवस पंचमीचा, म्हणजे रंगपंचमी. पहाटेच एक पिल्लू सुटलं. आधी पाण्याकडे खाली गेलं, आमचा जीव वर आला, मग पंख धरले आणि वर येऊन थेट विजेच्या तारेवर. भोवती सात-आठ मोठ्या भिंगऱ्यांचा चिवचिवाट. पाठोपाठ दुसरं, तिसरं. एक मात्र कालव्याच्या उतारावर आपटलं. नातवाने ते अलगद उचललं आणि बाभळीच्या फांदीवर ठेवलं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात असं म्हणतात, ते खरं नाही. घटकाभरात त्याची आई घास घेऊन आली. असं पिल्लू सापडलं तर घरी नेऊ नका, चोचीत पाणी ओतू नका. मांजराला पोचता येणार नाही अशा उंचीवर जवळच ठेवा आणि बाजूला व्हा. पुढचं आई-बाप बघतात.

नऊच्या सुमाराला गावातली पंधरा-वीस पोरं रंगांनी माखून कालव्यावर आली. बादल्या, पिचकाऱ्या, आरडाओरडा. सणाचा दिवस, पाणी हाताशी, त्यांची काय चूक? दोघा-तिघांनी वर बघितलं आणि पिचकाऱ्या पुलाच्या पोटाकडे रोखल्या. पाणी कितपत उंच जातं, याची पैज लागली. आणि घरं तर चिखलाची! चोचीएवढी एकेक गोळी आणून, एक थर सुकू देऊन मगच दुसरा चढवून, गवंड्याच्या सबुरीने बांधलेली. एक जोराची धार पुरे होती. मागच्या ओळीतली पिल्लं अजून उडणारी नव्हती.

नातू धावत सुटला, मागून मी. पोरं थांबली, पण त्यांना काही उमजत नव्हतं. रागावून काय सांगणार? मग मी कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली.

वीसएक वर्षांपूर्वी मी एका बियाण्याच्या गोदामावर होतो. व्हरांड्यात भिंगऱ्यांची पाच-सहा घरटी होती. खाली विष्ठा पडायची. वरिष्ठांची भेट ठरली आणि मीच शिपायाला सांगितलं, बांबूने पाडून टाक. त्याने पाडली आणि टोपलीत भरून माझ्यासमोर आणली. ढेकळांत पिल्लं होती. पंख पुरे भरलेले, पिसं चकचकीत. चार दिवस थांबलो असतो तर ती आपापली उडून गेली असती. खाली एक पोतं अंथरलं असतं तर विष्ठेचाही प्रश्न सुटला असता. भेट झाली, व्हरांडा स्वच्छ असल्याचा शेराही मिळाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पोरं गप्प होती. एका लहानग्याने विचारलं, "मग ती पिल्लं जगली का, सर?"

"नाही."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग थोरल्या पोराने बादली उचलली. "चला रे, पलीकडच्या पुलाकडं." सगळी वरात तिकडे गेली. दुपारपर्यंत त्यांचा गलका ऐकू येत होता, पण लांबून.

संध्याकाळी तारेवर भिंगऱ्यांची रांग लागली. नवी पिल्लं फिकट, आखूड शेपटीची, मधे मधे बसलेली. अंधार पडू लागला तशी त्यातली बरीचशी पुन्हा घरट्यात शिरली. उडायला शिकलं म्हणून पहिल्या काही रात्री घर सुटत नाही. आबा हसून म्हणाले, "नोकरीला लागलेली पोरं बी सुरुवातीला दर शनवारी येत्यात."

षष्ठीला सकाळी मी निघालो. नाथषष्ठीच्या दिंड्या पैठणकडे चालल्या होत्या. त्याच पुलावरून टाळ-मृदंग, पताका, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया. वर माणसांची वारी, खाली भिंगऱ्यांची ये-जा, आणि मधे हातभर जाडीचा दगडी पूल. या नाथांचीच गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. आपल्याला तर कावडही रिकामी करायची नाही. फक्त थोडं थांबायचं आहे.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, तुमच्या ओसरीला, मोटारीच्या खोलीला, मोरीला किंवा पुलाला मातीची घरटी असतील तर बांबू उचलण्याआधी एकदा खालून बघा. दारात तोंडं दिसत असतील, फेऱ्या चालू असतील, तर घर भरलेलं आहे. पिल्लं पुरी पिसांची होऊन दारात बसू लागली असतील तर आठ-दहा दिवसांत काम होतं. खाली पोतं किंवा फळी टाका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना हात लावू देत नाही. पण कायदा प्रत्येक मोरीखाली येऊन उभा राहत नाही. तिथे आपणच असतो.

पंधरा दिवसांनी आबांचा फोन आला. गव्हाचा उतारा सांगितला, चांगला पडला होता. शेवटी म्हणाले, "पुलाखालचं गाव उठलं बघा. दोन घरं चिमण्यांनी बळकावलीत, बाकी रिकामी. नातू सांगत होता, सरांना सांगा, एक बी घर पडलं नाही."