सुरतेत करमतं का?

उधन्यात सिग्नलला थांबलेल्या एका मोटरसायकलच्या मडगार्डवर लाल रेडियमच्या इंग्रजी अक्षरांत ‘लोनली’ लिहिलेलं दिसलं. गाडीवर तिघं दाटीवाटीनं बसलेले, आणि तिघंही अहिराणीत खिदळत होते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची इतकी माणसं उधना-लिंबायतला राहतात, की हा शब्द इथे मिरवायला हिंमतच लागते.

मला मात्र तो शब्द वाचून टॉम कोर्याट आठवला. सुरतेत इंग्रजांची वखार नुकती कुठे बसत होती तेव्हाचा हा इंग्रज भटक्या. व्यापार नाही, नोकरी नाही. निव्वळ बघायची हौस. अलेप्पोहून निघून इराणमार्गे अजमेरपर्यंत तो चालत आला, तोही जेमतेम तीन पौंडांत. या भटकंतीत तुर्की, फारसी, हिंदुस्तानी शिकला. जहांगीर झरोक्यात बसलेला असताना खाली उभं राहून त्यानं फारसीत भाषण ठोकलं आणि वरून पडलेले शंभर रुपये उचलले. इंग्रज वकील सर टॉमस रो चिडला: भीक मागून देशाची अब्रू घालवलीस! त्याच रोच्या घरी एक कजाग धोबीण होती, दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी. कोर्याटनं एकदा तिच्याच भाषेत तिला असं झोडपलं, की सकाळी आठलाच तिची बोलती बंद झाली. मला हा माणूस रोपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

१६१७च्या अखेरीस तो मांडूहून सुरतेला आला तेव्हा हगवणीनं खंगलेला होता. वखारीतल्या देशबांधवांनी प्रेमानं आग्रह सुरू केला. मायदेशाहून ‘सॅक’ आली आहे, असं कानावर पडताच तो ओरडला, द्या, मला थोडी सॅक द्या! ही स्पेनची वाइन. प्यायला, आजार बळावला, आणि डिसेंबरात तो गेला. परमुलखातल्या एकटेपणानं जे केलं नाही, ते आपल्या माणसांच्या पाहुणचारानं केलं.

‘लोनली’ म्हटलं की दुखणं माणसाच्या अंगाला चिकटतं. आपलं ‘करमत नाही’ मला जास्त आवडतं. त्यात दोष गावाचा, खोलीचा, फार तर रात्रपाळीचा, माणूस सुटतो.

सुरतेत तुमचं कुणी लूमवर असेल, तर फोनवर पगार आणि खोलीभाडं विचारून झालं की एकदा हेही विचारा: करमतं का रे?